प्रेक्षकांकडे पाठ

मित्रांनो, कार्यक्रमाला जाता तेव्हा स्टेजच्या अगदी पुढच्या कडेला, गाणाऱ्याच्या पायाशी एक काळी, बसकी, तिरक्या तोंडाची पेटी पडलेली असते. पाहिलीय का कधी? नाहीच पाहिली असणार. तुम्ही बघता ते दोन्ही बाजूंना छाती काढून उभे असलेले उंच स्पीकर. मी त्यांच्यातला नाही. माझी तुमच्याकडे पाठ असते आणि तोंड कलाकाराकडे. त्याचा आवाज त्यालाच परत ऐकवायचा, एवढं माझं काम. मला मॉनिटर म्हणतात. आता मी जुना झालोय, एका कोपऱ्याचा टवका उडालाय, पण आवाज अजून खणखणीत आहे बरं का!

माझा जन्म अमेरिकेतला, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावचा, आणि माझी माणसं मूळची जमैका बेटावरची. मग मला मराठी कसं येतं, असं विचाराल. शेजारच्या श्रूजबरीच्या मराठी मंडळाच्या तालमींना मी गेली काही वर्षं जातोय. एकदा तिथे बसून बघा. गाणं कमी आणि चर्चा जास्त! दगडसुद्धा मराठी शिकेल.

मला बनवलं नेव्हिल नावाच्या सुतारानं, त्याच्या घरामागच्या गराजमध्ये. त्याचा धाकटा भाऊ एव्हरटन गायचा, त्याच्यासाठी. त्यांच्या बेटावर गाण्याचे स्पीकर घरीच करायची जुनी हौस. नेव्हिलनं जाड प्लायवूड कापलं, सांध्यांना सरस लावला, पॉलिश पेपरनं कडा घासघासून गुळगुळीत केल्या आणि वर काळा रंग चढवला. एव्हरटन येऊन म्हणाला, "वरची फळी चांगली रुंद आणि सपाट ठेव."

"कशाला?" नेव्हिलनं विचारलं.

"पाय ठेवायला!"

घ्या! अजून रंग वाळला नाही, आणि माझ्या डोक्यावर पाय ठेवायच्या गोष्टी. मला फार राग आला होता. तो पाय कशासाठी हवा होता, हे तेव्हा मला काय ठाऊक?

आता एव्हरटन काय गायचा ते सांगतो. रेगे ऐकलंय ना, डुलत डुलत, आपल्या मजेत चालणारं? डान्सहॉल हे त्याचं धाकटं, दांडगट भावंड. एका जागी बसेल तर शपथ! तालावर भराभर बोलायचं, बोलता बोलता गायचं, मध्येच पुढच्या रांगेतल्या कोणाची तरी टोपी पडली की त्याच्यावर तिथल्या तिथे ओळ जोडायची, आणि हे सगळं करताना पाय जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. हार्टफर्डचे हॉल, बॉस्टनचे क्लब, ब्रुकलिनमधलं एक कोंदट तळघर, कुठे कुठे गेलो म्हणून सांगू! एव्हरटनच्या आधी आणि नंतर गाणारे सगळे माझ्याच समोर उभे राहायचे, त्यामुळे मी एकेक वल्ली अगदी जवळून पाहिली.

एक बाई होती, सोनेरी बूट घालून यायची. आली की गायचीच नाही. कमरेवर हात ठेवून नुसती उभी. लोक ओरडून ओरडून बेजार झाले की मग ती एक भुवई वर करायची. बस्स, तेवढ्यावर हॉल डोक्यावर! दुसरा एक जण कोट काढून गरागरा फिरवायचा आणि नेमका माझ्या तोंडावर फेकायचा. अख्खा कार्यक्रम मी कोटाखाली. तिसरा तर एकदा छताच्या पाइपाला लोंबकळून गायला. पाइप निसटला, बुवा धाडकन खाली आला, पण शब्द चुकला नाही हो! पडल्या पडल्याच त्यानं पुढचं कडवं म्हटलं. लोकांना वाटलं, असंच बसवलेलं असणार. त्याचं तोंड किती वाकडं झालं होतं ते फक्त मला दिसलं.

सगळ्यात नवलाची त्यांची एक रीत. गाणं लोकांना फारच आवडलं की ते भिंतींवर थापा मारायचे, भोंगे वाजवायचे, आणि मग गाणारा हवेत आडवा हात मारून ओरडायचा, "पुल अप!" की संगीत बंद. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऐन रंगात आलेलं गाणं कोणी थांबवतं का? जेवण आवडलं म्हणून समोरचं ताट उचलायचं आणि पुन्हा मिठापासून वाढायला घ्यायचं, तसला प्रकार. पण त्यांच्यात तोच मोठा मान. एका गाण्याला दोनदा-तीनदा थांबावं लागलं तर गायक आठवडाभर सांगत सुटायचा.

हे सगळं मी ऐकत होतो, पण दिसत मला काय होतं? गायकाची हनुवटी, नाकपुड्या आणि टपटपणारा घाम. ज्यांच्यासाठी हा जीव काढायचा ते लोक दिसतात तरी कसे? थापा मारतात म्हणजे हातांनी की बुटांनी? रडतात का कधी? मी उंच स्पीकरांना विचारायचो. ते म्हणायचे, "आपलं काम कर." फार शिष्ट जात! मी फक्त पाठीवर तो गदारोळ झेलायचो आणि अंदाज बांधत बसायचो.

एव्हरटन या सगळ्यांचा बाप होता. धावत यायचा, हवेत उडी मारायचा आणि उतरायचा तो थेट एक पाय माझ्या डोक्यावर ठेवून, पुढे वाकून. लोक वेडे व्हायचे. नवे गायक ती ढब उचलू लागले. जो येईल तो माझ्यावर पाय ठेवतोय, जसं काही पायपुसणंच! पण त्यांचा पाय आणि एव्हरटनचा पाय यांत फरक होता. त्यांचा लगेच निघायचा. एव्हरटनचा तिथेच राहायचा, अंगठा माझ्या फळीवर घट्ट दाबलेला.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं. एव्हरटनचा डावा कान जात चालला होता, आणि उजवाही मंदावला होता. इतकी वर्षं ढणढणत्या स्पीकरांच्या मध्ये उभं राहायचं म्हणजे कानांनी तरी किती सोसायचं? ताल कानातून सुटला की तो पायातून धरायचा. फळी थरथरायची, ती थरथर त्याच्या अंगठ्यातून वर चढायची आणि शब्द बरोबर जागेवर पडायचा. लोकांना ती ऐट वाटायची. ती ऐट नव्हती मित्रांनो, ती त्याची काठी होती. त्यानं हे कोणालाही सांगितलं नव्हतं, नेव्हिललासुद्धा नाही. बहिऱ्या गायकाला कोण बोलावणार? सगळे हसतील, हीच एक भीती त्याच्या मनात घर करून बसली होती.

पुढे माझंच काम करणारी, कानात घालायची इवलीशी यंत्रं आली आणि मोठ्या स्टेजांवरून आमची हकालपट्टी झाली. बॉस्टनच्या एका कार्यक्रमात एव्हरटनच्याही कानात ते यंत्र खोचलं गेलं आणि मला गाडीतच ठेवलं. त्या दिवशी ताल एकीकडे आणि एव्हरटन दुसरीकडे. लोक ओरडले असते तरी चाललं असतं, पण ते गप्प झाले. एव्हरटननं चटकन गुडघा धरला आणि लंगडत स्टेजवरून उतरला. "गुडघा गेला," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं आणि गाणं सोडलं. घरीही लंगडायचा. कधी कधी विसरून दुसऱ्याच पायानं लंगडायचा, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी गराजमध्ये पडलो. एका बाजूला बर्फ काढायचं फावडं, दुसऱ्या बाजूला मिठाची पोती. माझ्या जाळीत एका उंदरानं संसार थाटला होता, त्याला मी रोज जुन्या गोष्टी सांगायचो. त्यानं एकदाही "पुढे काय झालं?" म्हणून विचारलं नाही. फार एकटं वाटायचं हो! मग एव्हरटननं स्पीकर आणि माइक भाड्यानं द्यायचा धंदा सुरू केला. लग्नं, चर्च, शाळा. मला झाडून पुसून पुन्हा बाहेर काढलं, आणि असे आम्ही श्रूजबरीच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाला पोचलो.

शनिवारची दुपार, शाळेचं ऑडिटोरियम. एव्हरटननं मला नेहमीसारखं स्टेजच्या कडेला, गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलं आणि तो व्हॅन पार्क करायला गेला. तेवढ्यात मंडळाचा साउंड सांभाळणारा परीक्षित आला. हा पुण्याचा, आयटीतला, मदतीला एका पायावर तयार. पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांची तक्रार आली होती, की इथे नीट ऐकू येत नाही. त्यानं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे यार, हा स्पीकर उलटाच ठेवलाय! मीनाक्षी, बघ ना."

"मग टर्न कर ना पटकन," मंडळाची अध्यक्ष मीनाक्षी म्हणाली. "आणि किती काळंकुट्ट दिसतंय ते धूड! डेकोरेशनच्या मधोमध. काहीतरी टाका त्याच्यावर."

परीक्षितनं मला उचललं आणि गर्रकन फिरवलं. माझ्या डोक्यावर लाल मखमल अंथरली, झेंडूची फुलं पसरली आणि वर एक छोटी गणपतीची मूर्ती ठेवली. पाय ठेवायची जागा ती, तिचा चौरंग झाला.

पण मला त्याचं काय! मित्रांनो, मला प्रेक्षक दिसत होते! आयुष्यात पहिल्यांदा! डोळे भरून पाहून घेतलं. जरीच्या साड्या, त्यांवर एसीच्या थंडीमुळे चढवलेले स्वेटर. एक आजोबा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच झोपलेले. एक काकू पर्समधून हळूच चकली काढून खातायत आणि लेकराला म्हणतायत, "इथे खायचं नसतं." मागे पोरं फोनमध्ये डोकं घालून. आणि पुढच्या रांगेत मधोमध, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या शोभना काकू, एक हात कानामागे धरून. इतक्या वर्षांचं कुतूहल फिटलं. माणसं अशी दिसतात होय!

आता झालं असं, की न्यू जर्सीहून येणारा लेझीमचा ग्रुप कनेक्टिकटच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. मीनाक्षीला घाम फुटला. तिनं पार्किंगमध्ये एव्हरटनची व्हॅन पाहिली होती. तिच्यावर त्याचं उडी मारतानाचं जुनं चित्र आहे. ती धावत विंगेत एव्हरटनकडे आली. व्हॅन लावून तो मागच्या दारानं आत आला होता, त्यामुळे माझ्यावर बसवलेला गणपती त्यानं पाहिलाच नव्हता.

"अंकल, यू सिंग, राइट? प्लीज, फक्त टेन मिनिट्स!"

एव्हरटननं गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. मीनाक्षीनं तिथूनच पुढच्या रांगेला सांगितलं, "ते म्हणतायत त्यांचा गुडघा दुखतो."

शोभना काकू फटकळ. म्हणाल्या, "अगं, पण गाणं गळ्यातून येतं ना? गुडघ्यातून कधीपासून यायला लागलं?"

मीनाक्षीनं ते इंग्रजीत सांगितलं आणि एव्हरटन खो खो हसला. इतक्या वर्षांत त्याला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. त्याच्यातल्या गाणाऱ्याला राहवलं नाही. त्यानं आपला लॅपटॉप परीक्षितपुढे ठेवला आणि खूण समजावली. हात असा आडवा मारला की थांबव, आणि पुन्हा पहिल्यापासून लाव. मग तो परत विंगेत गेला. हे पुन्हा फसलं तर तो परत कधीच गाणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी तर पाठ करून बसलेलो! माझ्या पाठीमागचं हे सगळं, आणि तेव्हा न कळलेलं मराठी बोलणं, मला पुढे तालमींतल्या चर्चांतून कळलं.

ताल सुरू झाला. एव्हरटन विंगेतून असा काही धावत आला की झोपलेले आजोबा दचकून जागे झाले. खांद्यावरचा टॉवेल भिरकावला, एक गिरकी घेतली, माइक एका हातातून दुसऱ्या हातात उडवला आणि शब्दांचा नुसता सडा घातला. फोनमधली पोरं वर बघायला लागली. "ओ माय गॉड, हू इज धिस?" एक मुलगी म्हणाली. मग एव्हरटननं उडी मारली. पाय माझ्यावर यायचा, तो हवेतच अडखळला. खाली गणपती! त्यानं पाय कसाबसा बाजूला टाकला, आणि माझा सगळा आवाज तर प्रेक्षकांकडे निघालेला. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, पण भलत्याच दिशेला.

ताल सुटला. त्यानं लगेच हात आडवा मारला आणि हसून ओरडला, "पुल अप!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हीच गंमत आहे. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी घसरला. पुन्हा थांबला. आता टाळ्या तुरळक. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा कुणीच वाजवली नाही.

"साउंडचा प्रॉब्लेम दिसतोय," एक काका म्हणाले. "साउंडवाल्याचंच साउंड बिघडलं, घ्या!"

काही जण हसले. त्यांची काय चूक म्हणा! पण मित्रांनो, जे चेहरे बघायला मी जन्मभर आसुसलो होतो, ते मला आता बघवेनात. मला कुणीतरी फिरवा रे, असं मनातल्या मनात म्हणत होतो.

परीक्षित धावत स्टेजवर आला. "अंकल, इज इट द नी? कॅन्सल करू या का?"

बघा, किती सोपी वाट मिळाली होती! गुडघा धरायचा आणि उतरायचं. एव्हरटनचा हात गुडघ्यापर्यंत गेलासुद्धा. तेवढ्यात त्याचं लक्ष शोभना काकूंकडे गेलं. त्या मान तिरकी करून, कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या. स्वतः घरी टीव्ही बघताना तो अगदी तसाच बसायचा. मग त्यानं माइक तोंडाशी नेला.

"माझा गुडघा ठणठणीत आहे," तो त्याच्या बेटावरच्या इंग्रजीत सावकाश म्हणाला. "कधीच दुखला नव्हता. माझा एक कान गेलाय आणि दुसरा चाललाय. तो काळा खोका माझ्याकडे तोंड करून असला आणि त्याच्यावर पाय ठेवता आला, तरच मला ताल कळतो. आता तो तुमच्याकडे बघतोय आणि त्याच्यावर तुमचा देव बसलाय. देवावर मी पाय कसा ठेवू?"

झालं, पुन्हा बॉस्टन! मला वाटलं, संपलं सगळं.

"काय म्हणाले गं?" शोभना काकूंनी विचारलं. मीनाक्षीनं त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. ऐकल्याबरोबर काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"हात्तिच्या! एवढंच ना? हे बघा, माझं पण हेच! त्यात लाजायचं काय मेलं?"

त्यांच्या शेजारच्या आजोबांनी आपलं मशीन काढून दाखवलं. मग पलीकडच्या दोघींनी. पुढची अर्धी रांग मशीनं हातात घेऊन उभी!

परीक्षित लाजून लाल झाला. "सॉरी अंकल, मीच फिरवला तो. मला वाटलं उलटा आहे." मीनाक्षीनं गणपती दोन्ही हातांनी उचलून टेबलावर नेऊन ठेवला, मखमल काढली, आणि परीक्षितनं मला पुन्हा फिरवलं. समोर एव्हरटन. त्याचे डोळे ओले होते. पण तो पाय ठेवीना. आत्ताच तर इथे देव होता, म्हणून घुटमळत होता.

काकूंनी ते बरोबर ओळखलं. "त्यांना सांग मीनाक्षी, खुशाल पाय ठेवा म्हणावं. आम्ही घुंगरांना नमस्कार करतो आणि मग पायातच बांधतो ना?"

मीनाक्षीनं सांगितलं. एव्हरटन वाकला, दोन बोटं माझ्या फळीला लावली आणि कपाळाला टेकवली, जसं त्यानं दुपारी बाहेरच्या आरतीच्या वेळी लोकांना करताना पाहिलं होतं. मला आजवर कोणी नमस्कार केला नव्हता हो! मी इतका लाजलो की काय सांगू. मग त्यानं पाय ठेवला, अंगठा घट्ट दाबला, आणि परीक्षितला खूण केली.

आणि मग काय! माझ्यात होतं नव्हतं ते सगळं मी त्याच्या पायात ओतलं. एकेक शब्द खिळा ठोकावा तसा जागेवर. त्यानं "हो!" म्हणावं आणि हॉलनं "हो!" म्हणावं, त्यानं उडी मारावी आणि पोरांनी खुर्च्यांवर चढावं. चकलीवाल्या काकूंवर त्यानं जागच्या जागी ओळ जोडली, आणि त्या तोंड लपवून हसल्या. मला हे दिसलं नाही, त्यानं गाण्यातच सांगितलं. गाणं ऐन भरात आलं आणि माझ्या पाठीमागून शोभना काकूंचा आवाज आला, "वन्स मोअर!" त्यांच्या तरुणपणी संगीत नाटकात पद रंगलं की असंच ओरडायचे म्हणे. सगळा हॉल ओरडू लागला, "वन्स मोअर! वन्स मोअर!" हे इंग्रजी तर एव्हरटनला भाषांतराशिवाय कळलं. त्यानं हात आडवा मारला. या वेळी खराखुरा! लेझीमवाले आले ते दारातच उभे राहून नाचायला लागले.

त्यानंतर काकूंनी आपल्या मुलाला सोबत देऊन एव्हरटनला कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. आता त्याच्या कानातही मशीन आहे, छान ऐकू येतं. खरं सांगतो, मला धडकी भरली होती. आता माझी गरज काय? पुन्हा ते फावडं आणि पुन्हा तो उंदीर! पण नाही. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात व्हॅनमधून सगळ्यात आधी मी उतरतो. अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या पोरी असोत नाहीतर पहिल्यांदाच माइक धरणारे काका, एव्हरटन स्वतः येऊन मला त्यांच्याकडे तोंड करून ठेवतो. पोरं मला हात लावून नमस्कार करतात आणि कुणी लाथेनं सरकवत नाही. प्रेक्षक मला परत दिसले नाहीत, आणि आता तशी हुरहुरही वाटत नाही.

एवढंच सांगायचं होतं मित्रांनो. आमच्यासारख्या जुन्या पेट्यांना जपा, उलट्या दिसल्या म्हणून फिरवू नका. आणि कोणी गाताना अडखळला तर हसण्याआधी, एव्हरटन आता सगळ्यांना विचारतो तसं, जवळ जाऊन एकदा विचारा, "तुला ऐकू येतंय ना?"